गावाकडून येणारं पोतं बंद झालं असेल तर: वर्षाचं धान्य थेट शेतकऱ्याकडून कसं भरावं

आमच्या घरी दरवर्षी चैत्रात गावाकडून दोन पोती शाळू (रब्बीची ज्वारी), पोतंभर तूर आणि हळकुंडांची पिशवी यायची. काका एसटीच्या टपावर टाकून द्यायचे, आम्ही इकडे बसस्थानकावर उतरवून घ्यायचो. पुढे गावाकडचं रान बटईने गेलं, बटईदाराने सगळीकडे सोयाबीन पेरलं आणि पोतं यायचं थांबलं. छत्रपती संभाजीनगरात आम्ही पहिल्यांदा ज्वारी विकत घ्यायला निघालो, तेव्हा कळलं की ज्वारीवर वाढलेल्या माणसालाही दुकानात उभं राहून चांगली ज्वारी ओळखता येत नाही. शाळू म्हणून आणलेलं पोतं खरिपातल्या हायब्रीडचं निघालं. भाकरी थापताना काठाला चिरायची, तव्यावर फुगायची नाही. डाळ तर चार शिट्ट्या देऊनही बोटाखाली टणक लागायची. माझ्या सासूबाई त्या वर्षी जेवताना ताटाकडे बघून काही बोलायच्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागायचं.

त्याला आता सहा वर्षं झाली. आमच्यासकट सोसायटीतली पाच घरं वर्षाचं धान्य थेट शेतकऱ्याकडून भरतात. मधल्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. तुम्ही संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी अशा शहरात नव्याने राहायला आला असाल, किंवा आमच्यासारखं गावाकडचं पोतं बंद झालं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

हा खटाटोप कशासाठी?

चव हे पहिलं कारण. फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून निघालेला शाळू एप्रिलमध्ये तुमच्या कोठीत असतो. त्याचं वय, गाव आणि वाण तुम्हाला ठाऊक असतं. दुकानातल्या धान्याचं यातलं काहीच ठाऊक नसतं.

दुसरं कारण पैशाचं. शेतकऱ्याच्या तुरीची तुमच्या डब्यातली डाळ होईपर्यंत आडत्या, व्यापारी, डाळमिल, ठोक विक्रेता आणि किरकोळ दुकानदार असे हात लागतात. प्रत्येकाचा खर्च आणि नफा त्यात चढतो. थेट घेतलं की शेतकऱ्याला मोंढ्यापेक्षा, म्हणजे धान्याच्या ठोक बाजारापेक्षा, चार पैसे जास्त मिळतात आणि तुम्हाला दुकानापेक्षा कमी द्यावे लागतात. कधी दर दुकानाएवढाच पडतो, पण माल कितीतरी सरस असतो.

तिसरं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या मुलखावर ही वेळ येते, तिथे बारा-चौदा महिने पाणी पिणारा ऊस उभा असतो, आणि काळ्या रानातल्या नुसत्या ओलीवर येणारा शाळू मात्र वर्षागणिक मागे हटतो. शेतकऱ्याला त्याचा दोष देता येत नाही. ज्वारीची पाखरं राखावी लागतात, काढणीला माणूस मिळत नाही आणि एवढं करून भावाची खात्री नाही. ज्वारी मागे हटली की कडबा जातो, आणि कडबा गेला की दावणीची जनावरं कमी होतात. ज्वारी, करडई, तूर, हरभरा ही इथल्या मातीला आणि पावसाला झेपणारी पिकं आहेत. ती रानात टिकायची असतील, तर ती कुणीतरी चांगल्या भावाने विकत घेतली पाहिजेत, आणि ते कुणीतरी म्हणजे आपण शहरातली माणसं.

खाण्याच्या बाजूने बघायचं तर 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू असतो, ग्लुटेन अजिबात नसतं. एक गैरसमज मात्र इथेच काढून टाका. जवळचं धान्य म्हणजे आपोआप बिनफवारणीचं धान्य, असं नसतं. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

1. आधी घरचा हिशोब मांडा

किलोभर पिठाच्या साधारण 14 ते 16 भाकरी होतात. चौघांच्या घरात रोज एक वेळ माणशी दोन भाकरी लागत असतील, तर दिवसाला अर्धा किलो, म्हणजे वर्षाला पावणेदोन-दोन क्विंटल ज्वारी झाली. आठवड्यातून दोन दिवस भाकरीऐवजी भात असेल तर सव्वा क्विंटलच्या आसपास भागतं. तुरीच्या डाळीचंही असंच करा. एक महिना रोज किती डाळ काढता ते वाटीने मोजून वहीत लिहा. आमच्याकडे महिन्याला सव्वातीन किलो निघाली, म्हणजे वर्षाची 40 किलो.

पहिल्या वर्षी सगळंच भरायच्या मागे लागू नका. ज्वारी, तूर आणि हळद या तीनच गोष्टी घ्या, त्याही सहा महिन्यांपुरत्या. साठवण नीट जमते का, घरातल्यांना चव आवडते का, हे एका पावसाळ्यात कळून येतं. आमच्या शेजारच्या काकूंनी हौसेने पहिल्याच वर्षी तीन क्विंटल गहू घेतला आणि दिवाळीपर्यंत त्यातला निम्मा किड्यांनी पोखरला.

2. काय केव्हा निघतं हे पाठ करा

स्थानिक धान्य घ्यायचं म्हणजे हंगामाच्या चालीने चालायचं. नोव्हेंबरात कुणी नवा शाळू म्हणून देत असेल, तर तो शाळू नाही. शाळू त्या वेळी रानात हिरवा उभा असतो.

मूग, उडीद: ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. यांच्या काढणीत हमखास पाऊस गाठतो, म्हणून भिजलेल्या मालाची शंका आधी घ्या.
सीताफळ: सप्टेंबर ते नोव्हेंबर. बालाघाटच्या डोंगररांगेतलं, बीड-धारूर-अंबाजोगाईकडचं.
तूर: डिसेंबर-जानेवारी.
हुरडा: डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत.
हरभरा, करडई, शाळू: फेब्रुवारी-मार्च.
गहू: मार्च-एप्रिल.
हळद: काढणी फेब्रुवारीपासून. शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन हळकुंड हातात येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो.
केसर आंबा: मे-जून.

मुख्य खरेदी गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात करा. माल नवा असतो, शेतकऱ्याला पैशाची गरज असते आणि वाळवायला कडक ऊन असतं. मृग लागल्यावर आणलेलं धान्य वाळवायला जागा मिळत नाही आणि ऊनही मिळत नाही.

3. माणूस शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एकदा चांगला माणूस मिळाला की पुढची दहा वर्षं बाकीच्या पायऱ्या सोप्या होतात.

आधी ओळखीत विचारा. तुमच्याकडे दूध घालणारे दादा, कामाला येणाऱ्या मावशी, ऑफिसातले शिपाई काका, रिक्षावाले भाऊ यांतल्या निम्म्यांची गावाकडे शेती असते. "तुमच्याकडे खायला ठेवलेली ज्वारी कोणती?" असं विचारा. विकायची कोणती असं विचारलं तर वेगळं उत्तर मिळतं. आमचा शेतकरी असाच सापडला. तो आमच्या दूधवाल्यांचा मेहुणा, जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यातला.

दुसरी जागा म्हणजे आठवडी बाजार. संभाजीनगरात गुरुवारी छावणीचा आणि रविवारी जाफर गेटचा बाजार भरतो, आणि आसपासच्या प्रत्येक तालुक्याच्या गावाचा आपला वार ठरलेला आहे. भाजीपाल्यासाठी तर बाजारासारखी जागा नाही. राज्य सरकारने 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यापासून शेतकरी ते बाजार समितीबाहेरही थेट विकू शकतो.

तिसरी, धान्य महोत्सव. कृषी विभागाची आत्मा यंत्रणा आणि पणन मंडळ उन्हाळ्याच्या तोंडावर जिल्ह्याच्या ठिकाणी असे महोत्सव भरवतात. तिथे शेतकरी गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गट एका मांडवाखाली भेटतात. तारखा तालुका कृषी कार्यालयात कळतात. मांडवात लगेच पोतं उचलू नका. पाच जणांची वानगी, म्हणजे थोडासा नमुना, आणि फोन नंबर घेऊन घरी या.

इथला नेहमीचा सापळा सांगते. बाजारात बसलेला प्रत्येक माणूस "आमच्याच शेतातलं" म्हणतो. त्यातले बरेच जण मोंढ्यातून माल उचलून आणणारे असतात. तो धंदाही कष्टाचा आहे, पण आपल्याला हवा आहे तो पेरणारा. त्याला चार साधे प्रश्न विचारा: गाव कोणतं, वाण कोणतं, पेरणी कोणत्या नक्षत्रात केली, पाणी किती दिलं. पेरणारा माणूस यावर बोलायला लागला की थांबत नाही. मालदांडी की परभणी मोती, हस्तात पेरली की चित्रात, थंडी कमी पडल्याने कणीस कसं भरलं नाही, सगळं सांगतो. उचलून आणणारा "एक नंबर माल आहे ताई" एवढ्यावरच फिरत राहतो. एकाच माणसापुढे ज्वारी, बासमती, राजमा आणि काजू मांडलेले दिसले तर काय समजायचं ते समजा.

दुसरा सापळा 'सेंद्रिय' या शब्दाचा. कुणाकडे सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर ते दाखवायला सांगा, त्यावर गटाचं किंवा शेतकऱ्याचं नाव आणि मुदत असते. प्रमाणपत्र नसेल तर दर सेंद्रियचा देऊ नका. त्याऐवजी सरळ विचारा, "फवारण्या किती झाल्या?" आमचा शेतकरी तुरीवर दोन फवारण्या करतो आणि तसं तोंडावर सांगतो. शाळवाला बहुधा एकही लागत नाही. मला हा खरेपणा पुरतो.

नावाचाही एक फसवा प्रकार आहे. 2024 मध्ये मराठवाड्यातल्या बऱ्याच जिनसांना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागाचं नाव लावायचा कायदेशीर हक्क, मिळालं: जालन्याची दगडी ज्वारी, वसमतची हळद, लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, धाराशिवकडचा कुंथलगिरीचा खवा. मराठवाडा केसर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ यांना ते आधीच मिळालेलं आहे. मला याचा मनापासून अभिमान आहे. पण मानांकन मिळाल्यापासून प्रत्येक पिवळ्या पुडीवर वसमत लिहिलेलं दिसतं. मानांकनाचं नाव वापरायला उत्पादकाची नोंदणी लागते, ती आहे का ते विचारा.

4. माल हातात घेऊन बघा

ज्वारी. पहिल्यांदा आम्ही बदनापूरकडे गेलो तेव्हा शेतकऱ्याच्या आईने मला ओट्यावर बसवलं आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालची ज्वारी वर काढली. म्हणाल्या, "वरची कामून पाह्यती बाई, वरची समदेच चांगली ठिवतेत." मग मूठभर दाणे तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. कोंडा उडून गेला, हातावर मोत्यासारखे पांढुरके, किंचित पिवळसर झाक असलेले टपोरे दाणे राहिले. एक दाणा मला दाताखाली धरायला लावला. कट्ट असा आवाज झाला. "वाजला म्हंजे वाळला." तेव्हापासून मी दाणा वाजवल्याशिवाय पोतं घेत नाही. मऊ दबला तर ओल आहे, कोठीत त्याला बुरशी धरणार.

खरिपातली ज्वारी काढणीच्या पावसात सापडली की दाण्याच्या टोकाला काळपट किंवा गुलाबी डाग पडतो, चमक जाते. अशी ज्वारी स्वस्त असते, आणि तीच शाळवात मिसळून विकतात. पांढऱ्या कागदावर मूठभर पसरून बघा, मिसळ लगेच दिसते. दगडी ज्वारीचा दाणा नावाप्रमाणे टणक असतो.

तूर आणि डाळ. जमलं तर अख्खी तूर घ्या, कारण तुरीत लपवाछपवीला जागा कमी. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेलं बीडीएन 711 हे पांढऱ्या तुरीचं वाण आमच्या भागात खूप पेरतात. दाण्याला भोक किंवा बारीक पांढरा ठिपका दिसला तर आत भुंगा आहे. डाळच घ्यायची असेल तर फार चकाकणारी नको. बोटांना तेलकट लागली तर पॉलिश समजा. गावात भरडलेली डाळ निस्तेज दिसते, तिच्यावर थोडी पूड असते, काही दाणे फुटके असतात. लाखेची डाळ मिसळली आहे का तेही बघा, तिचा दाणा चौकोनी आणि एका बाजूने उतरता, पाचरीसारखा असतो. शेवटची परीक्षा मात्र कुकरची. किलोभर वानगी घरी आणून शिजवा आणि मगच पोत्याचं बोला.

हळद. पूड घेऊच नका. पुडीत रंग मिसळणं फार सोपं आहे, आणि पिवळाधमक दिसावी म्हणून वापरला जाणारा लेड क्रोमेट म्हणजे शिशाचं विष. हळकुंड घ्या, दोन एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत वाजली पाहिजेत. मोडल्यावर आत नारिंगीकडे झुकणारा पिवळा रंग दिसला पाहिजे. आमच्या घरी पाच जणांना वर्षाला दोन किलो पुरतात. घरच्या हळदीला रंग जास्त चढतो, त्यामुळे नेहमीच्या चमच्याचा अर्धा चमचा करा.

करडई. दाणा पांढराशुभ्र आणि भरीव, चिमटीत दाबल्यावर पोकळ लागू नये.

5. भाव आणि माप

जाण्याआधी दोन आकडे माहीत करून घ्या, त्या वर्षीचा हमीभाव आणि त्या आठवड्यातला मोंढ्यातला भाव. 2025-26 साठी केंद्राने तुरीचा हमीभाव 8,000 आणि मालदांडी ज्वारीचा 3,749 रुपये क्विंटल जाहीर केला होता. हमीभावाच्या खाली मी कधीच घेत नाही, मोंढ्यात तो पडलेला असला तरी. निवडक शाळवाचा भाव याच्या वरच असतो. आमचा ठराव साधा आहे: मोंढ्याचा चांगल्या मालाचा भाव, त्यावर किलोला पाच रुपये, आणि निवडून-चाळून पोत्यात भरण्याची मजुरी वेगळी. शेतकऱ्याची आडत, हमाली आणि गाडीभाडं वाचतं, त्यामुळे त्याला हे पुरतं. त्यानंतर घासाघीस करू नका. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, खळ्यावर पाच रुपयांसाठी हुज्जत घालताना शोभत नाही.

माप किलोतच ठरवा. जुनी माणसं पायली, अधुलीत बोलतात, आणि पायलीत किती किलो हे गावागणिक आणि धान्यागणिक बदलतं. आमच्या सोसायटीत एका कुटुंबाचा आणि शेतकऱ्याचा पहिल्याच वर्षी यावरून रुसवा झाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पायली मात्र दोन वेगळ्या होत्या. रिकामा बारदाना आधी वजन करून घ्या. पैसे माल उचलतानाच पूर्ण द्या. "पगार झाला की पाठवते" हे वाक्य शेतकऱ्याला आडत्याच्या दारात परत पाठवतं.

6. सोबत काय न्यायचं

ताणकाटा. हुकाचा, 50 किलोपर्यंतचा, किराणा साहित्याच्या दुकानात मिळतो.
स्वच्छ, कोरडी पोती. खताची किंवा बियाण्याची पोती अजिबात नकोत, प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पोत्यात विष राहिलेलं असतं.
पोतं शिवायची सुई आणि सुतळी.
पांढरा कागद आणि वानगीसाठी चार-पाच छोट्या पिशव्या, प्रत्येकीवर नाव-गाव लिहायला पेन.
वही. तारीख, वाण, गाव, वजन, दर आणि पुढे चव कशी निघाली तेही. माझ्या सहा वर्षांच्या वहीचा मला कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोग होतो.
रोख पैसे. खळ्यावर मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

घरच्या वापरासाठी धान्य घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. बचत गटाचं बंद पाकीट, लोणचं, मसाला, पापड असं काही घेत असाल तर त्यावर अन्न सुरक्षा विभागाचा 14 अंकी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख आहे का बघा. सोसायटीच्या आवारात शेतकऱ्याला बोलावून विक्री ठेवायची असेल तर सचिवांचं लेखी पत्र आधी घ्या. तोंडी परवानगीवर बोलावलेल्या शेतकऱ्याला फाटकावर अडवलं, तर भाजीची गाडी घेऊन तो उन्हात उभा राहतो. आमच्याकडे एकदा असं झालं आहे आणि त्या माणसाला सामोरं जाणं मला फार जड गेलं.

7. वाळवण आणि साठवण

धान्य घरी आलं की सरळ कोठीत ओतू नका. गच्चीवर सुती चादरी अंथरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दर दोन तासांनी हात फिरवा. संध्याकाळी उचलून रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या. गरम धान्य कोठीत भरलं की झाकणाखाली घाम धरतो आणि तिथूनच नासायला सुरुवात होते. ही चूक मी स्वतः केली आहे, वरचं वीतभर धान्य टाकून द्यावं लागलं.

पूर्वी गावात बळद आणि कणगी असायची. शहरात पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी उत्तम. ती भिंतीपासून हातभर लांब आणि पाटावर ठेवा, फरशीची ओल लागायला नको. तळाशी, मध्ये आणि वर सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा थर द्या. पाला कुरकुरीत वाळलेला हवा. तुरीच्या डाळीला किलोला चमचाभर एरंडेल हाताने चोळून ठेवा, भुंगा लागत नाही. वर्षाचं धान्य एकाच मोठ्या कोठीत भरण्यापेक्षा तीन-चार लहान कोठ्यांत भरा. एकीत कीड लागली तरी बाकीचं वाचतं आणि रोज झाकण उघडावं लागत नाही.

आता जी गोष्ट सांगते ती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, घरात कधीही वापरू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे, या वायूने जीव गेले आहेत. ओळखीचा दुकानदार कागदात गुंडाळून दोन गोळ्या सहज देतो. घेऊ नका. कुणी ज्वारीसोबत गोळी टाकून पोतं शिवून देत असेल, तर ते पोतं घरात आणू नका.

8. दळण, भरड आणि घाणा

ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही गरम पाण्याने मळलं तरी भाकरी तुटते. बाजारातल्या पिशवीबंद पिठाच्या भाकरी जमत नाहीत म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कितीतरी नव्या सुना मी पाहिल्या आहेत. हातात दोष नसतो, पीठ शिळं असतं. गिरणीत कुणाच्या तरी ज्वारीवरच आपली ज्वारी घालायला सांगा. घरात कुणाला गहू चालत नसेल तर हे फारच काटेकोरपणे पाळा.

तूर भरडायला छोटी डाळ चक्की शोधा, बऱ्याच गावांत बचत गटांकडे असते. एक क्विंटल तुरीची साधारण 70 किलो डाळ मिळते. चुनी आणि टरफल जनावरांसाठी शेतकऱ्यालाच ठेवून या. आमची भरड शेतकऱ्याच्या घरीच होते, आम्ही तूर बघून ठरवतो आणि महिन्याभराने डाळ आणतो.

करडईचं तेल घाण्यावर समोर बसून काढून घ्या. तीन ते चार किलो करडईला लिटरभर तेल निघतं, म्हणून कुणी फार स्वस्त करडई तेल देऊ लागलं तर मनात हा हिशोब करा. ताजं तेल गढूळ दिसतं. तीन-चार दिवस स्टीलच्या भांड्यात स्थिर ठेवा, गाळ तळाशी बसतो आणि वरचं तेल नितळ होतं. या तेलात केलेली फोडणी सुरुवातीला उग्र वाटेल. महिनाभर धीर धरा.

9. आंबा, मोसंबी, भाजी

यांचं थोडक्यात. केसर आंबा कच्चा, पाडाचा घ्या आणि घरी वाळल्या गवतात अढी घाला. आठवड्याभरात पिकतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी ते वापरलं जातं, आणि घरची अढी हा त्यावरचा सोपा उपाय आहे. मोसंबी सालीच्या रंगावरून पारखू नका, हातात जड लागणारी उचला. भाजी बाजार उठायच्या वेळी स्वस्त मिळते, पण सकाळी लवकर गेलात तर ती विकणाऱ्या ताईंशी बोलायला वेळ मिळतो, पुढच्या आठवड्याला अंबाडी किंवा चंदनबटवा आणायला सांगता येतो.

10. पेरणीच्या आधी फोन करा

हे मला चौथ्या वर्षी सुचलं, आणि आता यावाचून मी खरेदीच करत नाही. शाळवाची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, रब्बीचा शेतकरी मेळावा घेतं. त्या सुमारास शेतकरी बियाणं आणि रान ठरवत असतो. तुमची ज्वारी त्याच आठवड्यांत ठरते. मार्चमध्ये जाऊन "ज्वारी आहे का?" विचारण्यापेक्षा गणपतीत फोन करून "आम्ही एवढी घेणार" असं सांगा. जमलं तर थोडी उचल द्या.

आम्ही पाच घरांची यादी करतो, कुणाला किती ते लिहून घेतो आणि माणशी पाचशे रुपये गोळा करून शेतकऱ्याला पाठवतो. गेल्या गणपतीत मी फोन केला तेव्हा तो बांधावरच उभा होता. यंदा सगळ्या रानात हरभराच टाकायचं त्याच्या मनात होतं, ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत म्हणाला. मी यादी वाचून दाखवली, सहा क्विंटल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे त्याची आई काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "ताई, मग वढ्याकडचं एक एकर शाळवाला ठिवतो. पण काढणीच्या येळंला दोघं-तिघं या तुम्ही, नुसता फोन नका करू."

फेब्रुवारीत आम्ही सहा जण गेलो. दोन दिवस कणसं खुडली.